तडा न गेलेलं साल

गवंड्याच्या धंद्यात एक मोठी गैरसोय आहे. लोहाराचा मोडलेला विळा कोपऱ्यात पडून राहतो, शिंप्याचा बिघडलेला सदरा ट्रंकेच्या तळाशी जातो. गवंड्याची चूक मात्र भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी उभी असते. पाहुणा ओटीवर टेकतो, पाणी प्यायला मान वर करतो, आणि त्याला पहिली दिसते ती चीर. मग तो तांब्या खाली ठेवायच्या आत विचारतो, "काम कुणाचं हो हे?"

संपादकांनी 'गिलाव्याच्या कामातले अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी टाचण केलं. परांचीवर चढण्याआधी काय काय लागणार ते लिहून काढायचं, ही माझी जुनी खोड. टाचणात चुना, सिमेंट, तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं असे मुद्दे आले आणि शेवटी मुठ्याचं घर आलं. पहिले मुद्दे भराभर उरकतो. शेवटचा लिहावासा वाटत नाही, म्हणून तोच नीट लिहायला हवा.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिलावा म्हणजे भिंतीचा अंगरखा. आतलं अंग हललं की अंगरखा उसवणार. त्यामुळे चीर दिसली की ती बुजवण्याआधी आत काय हललं ते शोधायचं असतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या, तर समजावं की काम उन्हात केलं आणि पाणी मारायचा कंटाळा केला. दाराच्या चौकटीला धरून फट पडली, तर लाकडाचा दोष. आमच्या मुळशीच्या पावसात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्याला कोण काय करणार? तिथं आपणच एक सरळ खाच सोडून द्यावी. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चीर निघाली, तर पाया खचलाय. थापी पिशवीत ठेवून मालकाला खरं सांगावं.

आणि एक चीर असते ती येते, जाते, परत येते. दरवर्षी त्याच जागी, त्याच हंगामात. आम्ही तिला जिती चीर म्हणतो. तिनंच गवंड्याची अब्रू जाते.

तो काळ सिमेंटला परमिट लागायचा होता. ज्याला परमिट मिळालं तो गावात मिरवायचा. भुकूमच्या एका पेन्शनर गुरुजींनी मातीच्या भिंतीवर सिमेंटचाच गिलावा पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी नको म्हणालो, मग केला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर अख्खा थर पापडासारखा सुटून गुरुजींच्या खाटेशेजारी पडला.

"मिस्त्री, ते सिमेंटच होतं ना?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय गुरुजी."

"मग सुटलं कसं?"

"सिमेंट न्हाई सुटलं. भिंतीनं त्याला सोडलं."

गुरुजी हसले, म्हणून मी वाचलो. पौडच्या एका म्हातारीनं मात्र मला सोडलं नाही. तिच्या एकाच भिंतीवर पाच कॅलेंडरं टांगलेली पाहून मी म्हणालो, "आजी, एवढी क्यालेंडरं कशापायी?" म्हातारी म्हणाली, "एक आमचं. बाकीची तुजी." मी एकेक उचलून पाहिलं. प्रत्येकाखाली माझी एक चीर होती.

असे टोमणे अंगवळणी पडतात. मुठ्याचं घर अंगवळणी पडलं नाही.

मुठा खोऱ्यातल्या मुठा गावात तात्यांचं घर होतं. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, पुढं ओटी, आत माजघर आणि त्यावर फळ्यांचा माळा. घरात तात्या, त्यांची बायको यसूवहिनी, मुलगा सोपान, आणि तात्यांचा धाकटा भाऊ आप्पा, त्याची बायको, पोरं. भाताची खाचरं होती, चांगली पिकायची. मळणी झाली की भात माळ्यावरच्या कणग्यांत जायचं, त्या खोऱ्यातल्या सगळ्या घरांत जातं तसंच.

तात्यांनी पुण्यात कुणाच्या तरी घरी सपाट पांढरं छत पाहिलं होतं. तसंच माजघराला पाहिजे म्हणाले. मी माळ्याच्या तुळयांना खालून बांबूच्या कामट्या ठोकल्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा चढवला. त्या गावात तसं छत पहिलंच. लोक मुद्दाम बघायला आले. कुणी म्हणालं, "आता तात्या कोट घालत्याल." माझी मान ताठ झाली.

पौष लागला नाही तोच निरोप आला. जाऊन बघतो तर मधल्या तुळईखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चीर.

यसूवहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मिस्त्री, छताला भांग पाडलाय जनू. आता तेल लावू का वरनं?"

मी चीर कोरून भरली. पुढच्या पौषात परत तीच. मग चुन्यात गुळाचं पाणी घातलं. परत तीच. मग तागाचे तुकडे मिसळले, चिकटपणा यावा म्हणून. परत तीच. चिरेवर आडवी बोटभर चुन्याची पट्टी मारून ठेवली, ती कधी तुटते ते पाहायला. पट्टी मार्गशीर्षात तुटली. मी निदान केलं की थंडीनं लाकूड आकसतं. चौकटींचं तसं होतं, मग तुळईचंही होत असणार. गावात मी दिसलो की पोरं म्हणायची, "मिस्त्री आलं, थंडी आली." पारावर बसलेली माणसं खोकायची. मी एस.टी.तून उतरलो की गावामागून पांदीनं तात्यांच्या घरी जायला लागलो. चार वर्षं हे चाललं.

वाचणाऱ्याला वाटेल, हा गवंडी माळ्यावर चढून एकदा बघत का नव्हता? मी नंतर स्वतःला हेच विचारलं. पण आमच्याकडे परक्या माणसानं दुसऱ्याच्या माळ्याच्या शिडीवर पाय ठेवायचा नसतो आणि वर भात किती आहे हे विचारायचं तर मुळीच नसतं. मळणीला भात मोजतानासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मोजदाद मोठ्यानं केली की बरकत जाते, असं मानतात. मीही त्यातलाच. मी मालकाला पायाचं विचारायचो, गळतीचं विचारायचो, वाळवीचं विचारायचो. डोक्यावर काय ठेवलंय हे विचारणं मला चोराचं लक्षण वाटायचं.

शेवटी तात्यांनी सिमेंटच्या परमिटसाठी तालुक्याला हेलपाटे घातले. मी जुना गिलावा पाडला, तारेची जाळी ठोकली आणि सिमेंटचा नवा थर दिला. कैक दिवस दोन्ही वेळा स्वतः जाऊन पाणी मारलं. एवढ्या निगुतीनं मी माझ्या घराचंही काम केलेलं नाही.

त्या साली मार्गशीर्ष गेला. पौष गेला. निरोप आला नाही.

माघात निरोप आला, पण तो सफेदी करायला. सोपानला बघायला पाहुणे यायचे होते. मी माजघरात शिरलो, मान वर केली आणि डोळे फिरवतच राहिलो. केसाएवढीसुद्धा चीर नव्हती. मधल्या तुळईखाली हात फिरवला, बोटांनी ठोकून पाहिलं. ठणठणीत.

"वहिनी, बघितलं का? जिरवली तिची!" मी म्हणालो.

वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. चार वर्षं टोमणे मारणारी बाई, आणि दोन शब्द कौतुकाचे नाहीत. मला राग आला. खरं सांगायचं तर तो राग मनात घेऊनच मी पुढे पाहुण्यांत बसलो.

पाहुणे भरे गावचे होते. मुलीला वडील नव्हते, मामा सगळं बघत होते. गेनूमामा म्हणायचे त्यांना. बोलणं जवळजवळ ठरल्यात जमा होतं, मामांना फक्त घर बघायचं होतं. सोपान खडकीच्या कारखान्यात लागण्याच्या खटपटीत होता, पण नोकरी हातात नव्हती. त्यामुळे मुलगी घरावर आणि शेतावर द्यायची होती. वहिनींनी आदल्या दिवसापासून पुरणाचं घातलं होतं. सफेदी आटोपून मी निघतो म्हणालो, तर तात्या म्हणाले, "जेवल्याबगार न्हाई जायाचं. तुमी काय परकं हाय का?"

जेवायच्या आधी आप्पा आले. धुतलेला सदरा, नवी टोपी. दारातून म्हणाले, "वैनी, येऊ का?" घरचा माणूस घरात येताना विचारतो, हे माझ्या कानाला खटकलं. पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. माझं लक्ष छताकडे होतं.

माजघरात घोंगडी टाकली होती. तात्या आणि आप्पा एकमेकांना टेकून बसले. समोर मामा आणि त्यांच्याबरोबरची दोन माणसं. मी भिंतीकडेला.

"शेती एकत्रच का?" मामांनी विचारलं.

"एकत्र," तात्या म्हणाले. "मी आन ह्यो माजा भाव."

आप्पांनी मान हलवली. मामांनीही हलवली. मग पाठ टेकवत त्यांनी वर पाहिलं. "छत झ्याक हाय बरं का. पुण्यावानी."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो.

"मामा, ह्या छतानं मला चार वर्सं रडवलंया. मळणी झाली रे झाली, की ह्या मदल्या तुळईखाली चीर. चुना घातला, गूळ घातला, ताग घातला. गावानं माजी टर उडीवली. आन औंदा बघा! हाय का कुटं काय?"

सोबतची माणसं हसली. मामा हसले नाहीत. ते अजून वरच बघत होते.

"दरसाल मळणी झाल्यावरच फुटायची?"

"व्हय. अगदी नेमानं."

"आन पावसाळ्यात?"

"बारीक व्हायची. आखाडात तर शोधावी लागायची."

माझ्या तोंडातून ही माहिती निघत होती आणि मी तिचा अर्थ लावत नव्हतो. अर्थ मामा लावत होते. त्यांच्या घरीही माळा होता, तुळया होत्या, भात होतं.

"मंग ते चुन्याचं न्हाई, मिस्त्री," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "वर भात चढलं की तुळई वाकायची. खाऊन सरत आलं की उचलायची. औंदा वाकलीच न्हाई."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

मामा आप्पांकडे वळले. "आप्पा, तुमचं भात कुटं ठिवलं?"

आप्पांनी तात्यांकडे बघितलं. तात्या घोंगडीच्या दशा सारख्या करत होते. आप्पांना खोटं बोलता आलं नाही. "माज्या घरी. खालच्या आळीला."

"कवापास्नं?"

"दसऱ्यापास्नं येगळं राहतोय."

मला तेव्हा कळलं. चार वर्षं जे शोधत होतो ते सगळं एका क्षणात कळलं, आणि कळायला नको होतं अशा जागी कळलं. वाटलं, आत्ता छताला तडा जावा. मोठ्ठा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्या घरात मी पहिल्यांदाच तशी इच्छा केली.

पाहुणे जेवले. ताटावरून उठणं त्यांच्यात बसत नव्हतं. पुरणपोळी वाढायला वहिनी आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना आग्रह केला. मलाही केला, "घ्या मिस्त्री, आनखी येक घ्या." निघताना मामा म्हणाले, "कळवतो." आमच्याकडे हा शब्द ज्या सुरात म्हणतात त्यावरूनच उत्तर कळतं.

ते गेल्यावर सोपान मागच्या दारानं बाहेर निघून गेला. माझ्याशी कुणी भांडलं नाही. आप्पाच मला पांदीपर्यंत सोडायला आले. त्यांनी सांगितलं ते असं. वाटणीच्या वेळी तात्यांनी धाकट्याला म्हटलं होतं, तुझी पोरं लहान आहेत, तू आधी उचल. आप्पांनी खालची, पाण्याची खाचरं उचलली. तात्यांकडे वरच्या अंगाची राहिली. त्या साली पाऊस लवकर उघडला आणि वरची खाचरं हलकी गेली. माळ्यावर खाण्यापुरतं होतं, त्यात तुळई कसली वाकते.

"भांडान न्हाई, तंटा न्हाई," आप्पा म्हणाले. "लगीन ठरंस्तवर कळू द्यायाचं न्हाई, येवडंच वैनीनं सांगितलं व्हतं. मी कबूल केलं व्हतं."

"आन मी बोललो," मी म्हणालो.

"तुमी छताचं बोलला," आप्पा म्हणाले. माणूस भला होता. त्यानं मला आणखीच लाज वाटली.

चार दिवस कामात मन लागलं नाही. मग मी भऱ्याला गेलो. मामा खळ्यात दोर वळत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तात्यांनी भावाला आधी कसं उचलू दिलं, घर किती नेकीचं आहे, सोपान किती कष्टाळू. मामांनी दोर बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

"हे सारं त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी तितंच सुपारी फोडली असती," ते म्हणाले. "आमी तिघं भाव येगळं झालोय, मिस्त्री. येगळं व्हण्यात काय हाय? पर माज्या भाचीला बाप न्हाई. पयल्या दिवशी माज्या म्होरं दोगांनी मिळून येक म्हनून सांगितलं. उद्या तिला कायतरी सांगत्याल, मला काय कळनार हाय?"

"चूक माजी हाय, मामा. मी बोलाया नको व्हतं."

"तुमी तर खरं बोलला."

मी खरं बोललो नव्हतो. फुशारकी मारली होती, आणि तिच्यातून दुसऱ्याचं खरं सांडलं होतं. त्यांनी चहा दिला, तो प्यायलो आणि परत आलो. मुलीचं दुसरीकडे बोलणं सुरूही झालं होतं.

मुठ्याला मी जात नव्हतो. गाडी त्या फाट्यावर थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचो. सोपानचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, चांगलं झालं, मला अक्षताही आल्या. पण त्याच्या आधीचा एक दिवस सांगायला हवा.

पुढच्या वर्षी चैत्रात निरोप आला, "मोठी हातोडी घिऊन या." निरोप वहिनींचा होता. मला वाटलं, कुठं भिंत पाडायची असेल. गेलो तर माजघर रिकामं केलेलं. सोपान शेवटची खाट बाहेर काढत होता. त्यानं मला रामराम केला, पण मान वर न करता. तात्या ओटीवर पाठमोरे बसले होते. त्यांनी तोही केला नाही.

वहिनींनी वर बोट दाखवलं. "हे उतरवा."

"कुटली जागा?"

"सारं. फळ्या दिसल्या पायजेत."

"वहिनी," मी म्हणालो, "लई चांगलं बसलंया. ह्याला काय बी व्हनार न्हाई आता."

"त्येच तर," वहिनी म्हणाल्या. "म्हागल्या साली ह्याच्याखाली बसून सांगाया बरं वाटलं, की वर लई हाय. आता पुन्यांदा पावनं येनार हायेत, आज न्हाई तर उद्या. त्यास्नी बसल्या जागेवरनं माळा दिसूंद्या. जेवडं हाय तेवडं. मंग त्यांची पोरगी, त्यांचा इचार."

मी शिडी लावली आणि मधल्या तुळईखाली हातोडी मारली. टण् करून ती परत आली. पुन्हा मारली. सिमेंटवर पांढरा ठिपका उमटला, एवढंच. जाळी घट्ट होती, मसाला मुरलेला होता, कोपरे नीट मारलेले होते. एवढी वर्षं गिलावा टिकावा म्हणून धडपड केली आणि त्या दिवशी पहिल्याच घावाला सगळं छत खाली यावं असं वाटत होतं, आणि ते येत नव्हतं. सोपान दारात उभा राहून बघत होता. ओटीवरून तात्यांचा खोकला ऐकू येत होता. माझा हात हळू पडायला लागला. कामाची माया म्हणा, किंवा त्या तिघांसमोर होणारा आवाज सहन होईना म्हणून म्हणा.

वहिनी डोक्यावरचा पदर नाकाला लावून शिडीपाशी आल्या.

"मिस्त्री, दमानं कशापायी मारताय?" त्या म्हणाल्या. "बोलताना तर लई जोर व्हता."

मी दोन्ही हातांनी हातोडी धरली.